बुरुंडीवाले परकारचाचा

भर उन्हात, हायवेच्या कडेला गाडी थांबवून मला "उतर" म्हणणारा माणूस आयुष्यात एकच भेटला. परकारचाचा. तेव्हा आमची ओळख होऊन जेमतेम वीस मिनिटं झाली होती.

झालं असं. मी मस्कतला नवा होतो. नोकरी रुसैलच्या एका प्लास्टिक कारखान्यात, घर वादी अदाईत, आणि लायसन्स हातात पडायला अजून महिना होता. चाचा त्याच कारखान्यात कामाला आणि आमच्याच बिल्डिंगमध्ये, बरोबर आमच्या खालच्या मजल्यावर राहायला. त्यांनी आपणहून मला गाडीत घेतलं. आता दोन मराठी माणसं परदेशात भेटली की जे बोलतात तेच मी बोलायला लागलो. गाव कुठलं, किती वर्षं झाली, मुलंबाळं. रत्नागिरीजवळ खाडीकाठी गाव आहे, एकटाच असतो, एवढं त्यांनी सांगितलं. मग कारखान्यातल्या नव्या पोराचा विषय निघाला आणि मी सहज विचारलं, "हा पवार कोणापैकी हो?"

गाडी कचकन थांबली.

"उतर."

"काय झालं चाचा?"

"काय झालं? पवारला हात दोन, पाय दोन, मशीन चालवतो. तुला अजून काय पायजे? कोणापैकी म्हणे! उतर!"

मी उतरलो. पारा पंचेचाळीसच्या पुढे होता. सावलीला झाड नाही, खांब नाही. दहा मिनिटांनी तीच पांढरी गाडी पुढच्या पुलाखालून वळसा घालून परत आली, काच खाली झाली.

"बस. दार लवकर लाव, एसी चालू आहे."

पवार कोणापैकी ते मला आजतागायत कळलेलं नाही.

लोकांचा राग नाकावर असतो. चाचांचा भुवयांत होता. दोन्ही भुवया पांढऱ्याशुभ्र आणि ताठ. त्या वर गेल्या की समोरच्याला आपलं काय चुकलं ते आठवावं लागायचं. साठी उलटलेली, उंची भरपूर, आवाज त्याहून मोठा. खुशीत असले की मला दिघ्या म्हणायचे, रागात असले की दिघेसाहेब. सहा वर्षांत मी बहुतेक वेळ साहेबच होतो.

कारखान्यात ते कॅम्प बॉस होते. म्हणजे कामगारांच्या वसाहतीचे कारभारी: कोणाला कुठली खोली, कुठला पलंग, पाणी का नाही, गॅस कोणी संपवला. सगळ्या कॅम्पांत एक न लिहिलेला नियम असतो. मल्याळी एका खोलीत, बिहारी एका खोलीत, बांगलादेशी तिसऱ्या, पाकिस्तानी चौथ्या. चाचांनी पहिल्याच महिन्यात तो मोडला आणि जन्माच्या महिन्यावरून पलंग वाटले. जानेवारीवाले एक नंबरला, फेब्रुवारीवाले दोनला.

मग जे व्हायचं ते झालं. एकाच कढईत एकाला मोहरीचं तेल हवं, दुसऱ्याला खोबरेल. एकाचं नमाजाचं घड्याळ वाजतं तेव्हा रात्रपाळीवाला नुकता डोळा लावत असतो. सुकट भाजण्यावरून मार्च महिना आणि मार्च महिना यांच्यात हाणामारी झाली. तक्रार थेट अर्बाबकडे, म्हणजे मालकाकडे गेली. मालक ओमानी, अतिशय सौम्य माणूस. त्याने चाचांना बोलावून विचारलं, "परकार, का छळतोस त्यांना?"

"अर्बाब, एका खोलीत एकाच मुलखाची आठ माणसं ठेवली की ती शेजारच्या खोलीला 'ते लोक' म्हणायला लागतात. मला माझ्या कॅम्पात 'ते लोक' नकोत. खलास!"

खलास झालं नाही, धुसफुस चालूच राहिली. पण एक सांगतो, एकी मात्र झाली. चाचांना शिव्या घालताना सगळा कॅम्प एका सुरात बोलायचा.

हे सगळं येतं कुठून, तर बुरुंडीतून. ओमानला येण्याआधी चाचा नऊ वर्षं बुरुंडीत होते. बुजुम्बुरा नावाच्या गावात, कापडाच्या गिरणीत फिटर. हा देश कुठे आहे ते मला माहीत नव्हतं आणि ते मी कबूल केलं ही माझी दुसरी चूक. "आपल्या अख्ख्या कोकणाएवढा देश! कोकणासारख्याच टेकड्या! कोटीच्या वर माणूस, टेकडी-टेकडीवर घर! आणि यांना माहीत नाही! दुबईतल्या मॉलचे मजले माहीत आहेत!"

शुक्रवारी आम्ही अल मवालेहच्या भाजीबाजारात जायचो. तिथे चाचा तांबडा राजमा शोधत फिरायचे, बुरुंडीत मिळायचा तसला. एका गाळ्यावर पोत्यावर नुसतं 'आफ्रिका' लिहिलेलं होतं.

"आफ्रिका म्हणजे कुठला?"

"आफ्रिका म्हणजे आफ्रिका, चाचा," गाळेवाला म्हणाला.

"असं? मग तुझ्या आंब्यावर उद्या 'आशिया' लिही! लिहिशील? बोल!"

मी त्यांना ओढत गाडीकडे नेलं. राजमा राहिला.

तर असा हा माणूस. चिडका, पण मजेशीर, असं मी सगळ्यांना सांगायचो. मंडळाच्या प्रश्नमंजुषेपर्यंत.

आमच्या मराठी मंडळात दरवर्षी मुलांसाठी सामान्यज्ञानाची स्पर्धा असते. माझी मुलगी सई तेव्हा आठवीत. मराठी तिचं अडखळत चालतं, पण जगाचा नकाशा तोंडपाठ. शेवटच्या फेरीत ती आणि दुसरा एक मुलगा बरोबरीत आले. निर्णायक प्रश्न आला. सूत्रसंचालकांनी कागद वाचला: "बुरुंडी या देशात कोणकोणते वांशिक गट आहेत आणि त्यांचं प्रमाण काय?"

मी बायकोच्या हाताला चिमटा काढला. चाचा सातव्या रांगेत होते, मीच त्यांना आग्रहाने आणलं होतं.

सईने क्षणभर डोळे मिटले. "हुतू, एटी-फाइव्ह पर्सेंट. तुत्सी, फोर्टीन. आणि ट्वा, वन पर्सेंट."

"अगदी बरोबर!" टाळ्या झाल्या. सईच्या हातात ट्रॉफी आली. आणि टाळ्या थांबायच्या आत मागून आवाज आला.

"कोणी मोजलं?"

सभागृह वळलं. चाचा उभे होते. भुवया पार कपाळावर.

"कोणी मोजलं ते सांगा! गोऱ्या साहेबाच्या काळातले आकडे हे! नाकांची लांबी मोजली, दारातल्या गाई मोजल्या आणि लिहून ठेवलं, हा हे, तो ते! तेच अजून पोरांना पाठ करायला लावता?" बोलत बोलत ते मंचावर पोचलेसुद्धा. "भाषा एक, देव एक, टेकडी एक, पाणी एका झऱ्याचं! नवरा हा, बायको ती, मग त्यांचं पोर किती टक्के? सांग ना! तुझ्या कागदात आहे का ते?"

"चाचा, उत्तरपत्रिकेत जे दिलंय..." सूत्रसंचालक म्हणाले.

"जाळ ती उत्तरपत्रिका!"

कोणीतरी माइक बंद केला. दोघांनी त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं. मंचावर सई एकटी उभी होती, ट्रॉफी छातीशी धरून, आणि सगळ्यांसमोर रडत होती. तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं.

त्या संध्याकाळी मी खाली गेलो. घंटी वाजवली नाही, दारच बडवलं. माझ्यासारख्या मऊ माणसाला इतकं बोलता येतं हे मलाही नवीन होतं. म्हटलं, तेरा वर्षांच्या पोरीला रडवलंत, लाज वाटते का? म्हटलं, तुमच्या त्या बुरुंडीचा आम्हाला वीट आलाय. तीस वर्षं झाली तिथून निघून, कॅम्पात बुरुंडी, गाडीत बुरुंडी, भाजीत बुरुंडी. "तुमचं कोण मेलं होतं तिथे?"

चाचा ओरडले नाहीत. दार लावून घेतलं, तेही हळू.

लायसन्स आल्यावरही मी चाचांच्याच गाडीतून जात होतो; आता गाडी बदलली. तीन आठवडे एका बंगाली इंजिनिअरबरोबर गेलो, तो वाटभर गाणी लावायचा. चाचा जिन्यात दिसले की मी मोबाइल बघायचो. मंडळाने त्यांना पत्र पाठवलं, पुढच्या कार्यक्रमांना येऊ नये म्हणून. मला ते योग्यच वाटलं.

मग एका शनिवारी दुपारी सई घरात नव्हती. मैत्रिणीकडे नाही, खाली दुकानात नाही. जिना उतरताना चाचांचं दार उघडं दिसलं आणि आतून सईचा आवाज आला.

"चाचा, मला फक्त टेल मी. माझं उत्तर राँग होतं की राइट? मला ट्रॉफी बघून रोज ते आठवतं."

मी आत शिरणार होतो, तिला हाताला धरून वर नेणार होतो. पण चाचा बोलायला लागले आणि त्यांचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. कमी केलेल्या रेडिओसारखा.

"उत्तर बरोबर होतं बेटा. प्रश्न चुकीचा होता. मी तुझ्यावर नव्हतो ओरडलो."

"मग कोणावर?"

कप खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"माझी बायको होती तिथे. जैनाबू. आमच्या गिरणीच्या गेटवर चहा विकायची. बुयेंझी नावाच्या वस्तीत तिचं घर. मशीद, शिंपी, भज्यांची दुकानं, सगळ्या तऱ्हेची माणसं. तिथे कोणी विचारत नाही, तू हा की तो. लग्न केलं, सहा वर्षं संसार केला. मग बाप आजारी पडला म्हणून मी दोन महिन्यांसाठी गावी गेलो. आणि तिकडे याच 'हा की तो'वरून मारामारी सुरू झाली. विमानं बंद. मी परत पोचलो तेव्हा पाच महिने झाले होते."

"शेजारीण सांगत होती. दोघी बाजारातून पीठ घेऊन येत होत्या. पोरांनी ओंडके टाकून रस्ता अडवलेला. विचारलं, कोण तुम्ही? शेजारणीने आपलं सांगितलं, तिला सोडलं. जैनाबू म्हणाली, बुयेंझीची. पोरं म्हणाली, ते नाही, तू कोण? ही पुन्हा म्हणाली, बुयेंझीची. तिसऱ्यांदा कोणी विचारलं नाही."

आणि मग एकदम टेबलावर मूठ आदळली. कप उडाला, फुटला.

"हट्टी! एक शब्द बोलायचा होता! हे नाही तर ते! खोटा तर खोटा! मोठी आली बुयेंझीची!" चाचांचा श्वास वाजत होता. "तीस वर्षं मी तिच्याशी भांडतोय. ऐकतच नाही."

मी दारात आलो होतो. सईने मला पाहिलं, पण ती उठली नाही. तिने तो प्रश्न विचारला, जो विचारल्यामुळे मला भर उन्हात उतरावं लागलं होतं.

"पण चाचा... ती खरंच कोण होती? व्हिच वन?"

मी पुढे झालो. पण चाचांच्या भुवया हलल्या नाहीत.

"माहीत नाही, बेटा. मी विचारलं नाही कधी."

फुटलेल्या कपाचे तुकडे ते एकेक करून वेचत होते. वेचता वेचता, आमच्याकडे न बघता म्हणाले, "ती मला रोज विचारायची, तुझ्या आईला भेटायला कधी न्यायचं. तिने नवीन कापड घेऊन ठेवलं होतं, पिवळं, त्यासाठी. आणि मी आईला सांगितलंच नव्हतं. सहा वर्षं. आई पहिलं काय विचारणार ते मला ठाऊक होतं. त्या खेपेला सांगायचंच म्हणून गावी गेलो. दोन महिने आईच्या समोर बसून जेवलो. आज सांगू, उद्या सांगू. सांगितलं असतं तर लवकर परत निघालो असतो, तिला घेऊन आलो असतो. नाही सांगितलं. भ्यालो."

"मग आज्जीला नंतर कधी सांगितलं?"

"आई गेली तशीच. कोणालाच नाही सांगितलं. आज तुला."

तीन आठवड्यांपूर्वी याच दारात उभं राहून मी काय बोललो होतो, ते आठवलं. "चाचा, मी त्या दिवशी..." मी सुरुवात केली.

"दिघ्या, उभा काय राहिलास? काच लागेल पायाला. बस तिकडे," ते म्हणाले.

मी बसलो. सई खुर्ची ओढून त्यांच्या जवळ सरकली.

"मग आता सांगा ना चाचा. सगळं. एकदम फर्स्टपासून. ती कशी दिसायची, काय आवडायचं, सगळं."

चाचांनी हातातले तुकडे कागदात गुंडाळून बाजूला ठेवले. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने बराच वेळ पुसला, पुन्हा घातला. माझ्याकडे पाहिलं, सईकडे पाहिलं.

"पहिल्यांदा बघितली ना," ते म्हणाले, "तेव्हा ती गेटवरच्या शिपायाशी भांडत होती. चहाची किटली हातात, आणि तो शिपाई तिच्या दुप्पट उंच..."