सरळ रस्त्यावरची वळणं

दौंड-शिरूर रस्ता दुष्काळी कामात सरळ झाला, ही बातमी आमच्या महादूआप्पांना तेवढी कळलेली नव्हती. निदान शनिवारी तरी. एरवी त्यांची पॅसेंजरची जीप नाकासमोर चालायची. शनिवारी मात्र दौंडहून येताना ती मोकळ्या रस्त्यावर डावीउजवीकडे झुकायची, कधीच तोडून नेलेल्या बाभळीला हॉर्न द्यायची. आतली माणसं देवाचं नाव घ्यायची. मी शाळामास्तर, नसत्या चौकशांची मला भारी हौस.

आप्पा एकेकाळी पगारी शर्यतवाले. पुण्याच्या एका मोटारमालकाच्या गाड्या ते घाटाघाटांतून पळवायचे. सवयी अजून त्याच. मनगटावर घड्याळ असताना दुसरं स्टिअरिंगला बांधलेलं. काकूंनी चहा आणला की घड्याळ बघून म्हणणार, "धा मिंटं! चुलीपाशी पंक्चर झालतं व्हय?" लग्नाच्या पंगतीतून सगळ्यांच्या आधी उठणार आणि "पयला आलो" म्हणत हात धुणार. शर्यत का सोडली, असं विचारलं तर एवढंच, "गाडी थांबली, गुरुजी."

एका शनिवारी मी मुद्दाम दौंडला त्यांच्या जीपमध्ये बसलो. आप्पांनी काळ्या चष्म्याच्या एका गृहस्थाला हात धरून पुढच्या डाव्या सीटवर बसवलं आणि मला दोघांच्या मध्ये कोंबलं. "ह्यो दौलत," ते म्हणाले, "शर्यतीत शेजारी बसून मला म्होरची वळणं सांगायचा." मग त्याच्या चष्म्याकडे एकदा पाहून त्यांनी किल्ली फिरवली. शेवटच्या शर्यतीत गाडी उलटली होती, काचा दौलतच्या डोळ्यांत गेल्या होत्या. आप्पांना खरचटलंही नव्हतं. हे मला मागच्या सीटवरच्या एकानं कुजबुजत सांगितलं.

जीप सुटली. दौलत म्हणाला, "म्हाद्या, म्होरं डावं. बाभळीपाशी आवळून घे."

या रस्त्यावर दोघांनी सराव केलेला, जुनी वळणं त्याला तोंडपाठ. समोर सरळ डांबर. आप्पांनी हॉर्न दिला, स्टिअरिंग जरासं हलवलं. "घेतलं!"

माझं कोडं सुटलं: रस्ता सरळ झाल्याचं आप्पांनी दौलतला कळूच दिलं नव्हतं.

तेवढ्यात मागून एक व्यापारी ओरडला, "अवो, वळण हाय कुठं?"

आप्पांचा चेहरा उतरला. वळणं गेली म्हटल्यावर दौलतपाशी राहिलंच काय? मी घाईनं ओरडलो, "धरून बसा मंडळी, मोठं वळण आलं!" आणि डावीकडे, दौलतच्या अंगावर कललो. व्यापाऱ्याकडे वळून डोळे वटारले, तर तोही गुमान कलला. मग दौलतनं सांगितलेल्या दर वळणाला अख्खी जीप कलू लागली.

वाटेत न्हावऱ्याच्या थांब्याला आप्पा रेडिएटरसाठी पाणी आणायला उतरले. दौलत माझ्या कानाशी आला.

"गुरुजी, डाव्या वळणाला माणूस उजवीकडं फेकला जातो. तुम्ही माझ्या अंगावर आलात."

मी ओशाळून सरळ बसलो.

"रस्ता सरळ झाला त्ये मला पयल्याच दिवशी कळलं. डोळं गेल्यात, बूड न्हाई गेलं."

"मग वळणं सांगता कशाला?"

"माझ्यापायी शर्यत सोडली त्यानं. शनवारी तेवढी खेळतो. त्याला सांगू नगा."

आप्पा पाणी ओतून आले, दोन्ही घड्याळं बघून त्यांनी जीप सुरू केली. दौलत खाकरला.

"म्हाद्या, म्होरं उजवं."

"घेतलं!"

या खेपेला मी नीट विचार करून डावीकडे कललो. दौलतनं हळूच माझा गुडघा थोपटला.