चिमट्यांचा डबा

"टायटॅनिकच्या बाबतीत अख्ख्या बेलफास्टात माझा हात धरणारा कोणी नाही!" असं वेस्ली गिलिलँड छातीठोकपणे सांगायचा. पुरावा बैठकीच्या खोलीत हजर! जहाजाचं चित्र असलेल्या बशा, चमचे, उशांचे अभ्रे आणि जहाजाच्याच आकाराची किटली. तिच्या धुराड्यातून चहा यायचा, कपात कमी अन् बशीत जास्त. पाहुणा आला की वेस्ली सुरू! चहा निवायचा, पाहुणाही निवायचा, वेस्ली काही थांबायचा नाही.

मग एकदा जहाजाच्या मगांचा नवा संच आला आणि ठेवायला जागा उरली नाही. बायको मर्टल बँगरला बहिणीकडे गेली होती. स्वयंपाकघरातल्या फळीवर वेस्लीला एक गंजका, पोचे आलेला पत्र्याचा डबा दिसला. मर्टल त्यात कपडे वाळत घालायचे चिमटे ठेवायची. वेस्लीने चिमटे टोपलीत ओतले आणि डबा चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीला देऊन टाकला. घर कसं सुटसुटीत झालं!

मर्टल परतली.

"वेस्ली, चिमट्यांचा डबा कुठाय?"

"तो गंजका? चर्चला दिला. नवा आणू की, जहाजाच्या चित्राचा!"

मर्टल मटकन खुर्चीत बसली. "माझ्या आजोबांचा होता तो. इथल्याच गोदीवर रोज चहा न्यायचे त्यातून. तुझं ते लाडकं जहाज बांधत होते तेव्हा."

वेस्लीला दरदरून घाम फुटला. "अगं, मग कधी बोलली का नाहीस?"

"बोलू दिलंस कधी? लग्न झाल्यापासून त्या जहाजाबद्दल तूच तर बोलतोयस!"

वेस्ली घरातल्या सपातांनिशीच चर्चकडे धावला. विक्री सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या, "तो डबा? तुमच्या शेजारच्या नॉर्मन पर्डीने नेला की!"

नॉर्मनच्या शेडचं दार आतून बंद होतं.

"नॉर्मन, तो डबा—"

"आत येऊ नकोस!" नॉर्मन ओरडला. "छे! या गल्लीत एक गुपित टिकेल तर शपथ! रविवारी तुझा वाढदिवस ना? कळेल तेव्हा. पळ आता!"

वेस्लीच्या जिवात जीव आला. "डबा सुखरूप आहे!" त्याने घरी येऊन सांगितलं. मर्टल चक्क हसली. रविवारसाठी तिने स्वतःहून केक केला.

रविवारी नॉर्मन भेट घेऊन आला. वेस्लीने वरचा कागद फाडला. आत झळझळीत निळा डबा, त्यावर पांढऱ्या रंगात चार धुराड्यांचं जहाज!

"ओळख बघू, लेका!" नॉर्मन फुशारला. "गंज पार घासून काढला. बुडाशी कुठल्या तरी कार्ट्याने काहीबाही खरवडलं होतं, तेही सपाट केलं!"

मर्टलने डबा उलटा करून बुडावरून बोट फिरवलं. मग ती म्हणाली, "छान झालाय हं, नॉर्मन," आणि तिने त्याला केकचा भला मोठा तुकडा कापून दिला.

तो गेल्यावर तिने डबा उचलून मगांच्या रांगेत ठेवला. "राहू दे इथेच. आता तो तुझाच."

"बुडाशी काय होतं गं?"

"आजोबांचं नाव."

"काय होतं नाव?"

"आत्ता विचारतोयस होय?" मर्टल बशा गोळा करून आत गेली. नळ सुटल्याचा आवाज आला. त्या आवाजात ती काही बोलली की नाही, वेस्लीला कळलं नाही. आणि पुन्हा विचारायची त्याची छाती झाली नाही.