अब्दुल गनीच्या खोलीची चतुःसीमा

इसवी सन १९६१ च्या जून महिन्यात घाटंजीचा एक मोटार मिस्त्री परदेशी जायला निघाला आणि त्याने तिथे कोणत्या मोहल्ल्यात राहावे, हा प्रश्न शासनापुढे उभा राहिला. मिस्त्रीचे नाव अब्दुल गनी. त्याचा मामेभाऊ निजामुद्दीन अरबस्तानातल्या एडनच्या बंदरावर ट्रक दुरुस्त करीत असे. त्याने खटपट करून गनीसाठी नोकरीची चिठ्ठी मिळवली होती. सप्टेंबरच्या तीस तारखेपर्यंत हजर व्हावे, नाहीतर जागा दुसऱ्याला दिली जाईल, असे तिच्यात साफ लिहिले होते.

तसा आमच्या भागाला स्थलांतराचा दांडगा अनुभव होता. घाटंजी जागची तसूभर हलली नव्हती, पण चार वर्षांच्या आत ती तीन राज्यांत राहून आली होती. आधी मध्य प्रदेश, मग मुंबई, मग महाराष्ट्र. सकाळी उठून आम्ही आधी राज्य कोणते ते विचारायचो आणि मग चहा घ्यायचो. या अनुभवाचा लाभ जनतेला व्हावा म्हणून 'स्थलांतर सुकरता कचेरी' उघडण्यात आली आणि तिच्यात मी वरिष्ठ कारकून होतो. हे मी अभिमानाने सांगतो.

गनीचा अर्ज माझ्याकडे आला तेव्हा रकाना चौदा कोरा होता. तो रकाना असा: 'परदेशातील नियोजित राहत्या जागेची चतुःसीमा.'

"हे मले कसं ठाऊक असन साहेब?" गनी म्हणाला. "तिथं गेल्यावर खोली पाहीन ना."

"आणि नाही मिळाली तर?"

"तं भावाजवळ झोपीन चार दिवस."

"चतुःसीमेशिवाय झोपाल?" मला खरोखर धक्का बसला होता. आमच्या जिल्ह्यात वावर असो, घर असो की विहीर असो, पूर्वेस कोण आणि पश्चिमेस कोण हे लिहिल्याशिवाय ती वस्तू कागदावर अस्तित्वातच येत नाही. या माणसाला तर स्वतःच्या उत्तरेला काय असेल तेही ठाऊक नव्हते. असा माणूस देशाबाहेर सोडणे धोक्याचे होते.

आमचे साहेब पुंडलिकराव मोठे दयाळू. त्यांनी अर्ज फेटाळला नाही, निजामुद्दीनला पत्र लिहायला लावले. महिन्याभराने उत्तर आले. राहण्याजोगे तीन मोहल्ले आहेत: क्रेटर, मुअल्ला आणि शेख उस्मान. क्रेटर विझलेल्या ज्वालामुखीच्या तोंडात वसले आहे, मुअल्ला बंदराला लागून आहे आणि शेख उस्मान लांब आहे, पण तिथे पाणी गोड आहे. शेवटी लिहिले होते, 'भाई, कुठीबी राह्य, पण जल्दी ये.' हे शेवटचे वाक्य प्रकरणाशी संबंधित नसल्यामुळे आम्ही नोंदवले नाही.

तिघांतून एक निवडण्यासाठी मोहल्ला निवड समिती बसली. अध्यक्ष पुंडलिकराव, जनतेच्या वतीने देवीलाल किराणावाले, तज्ज्ञ म्हणून धरमसिंग नाईक आणि चिटणीस मी. आम्हा चौघांपैकी समुद्र कोणीच पाहिला नव्हता. पण धरमसिंगचा आजा बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर हिंडलेला लमाण होता, त्यामुळे समुद्राची चव तरी त्याच्या घराण्यात होती.

धरमसिंगने पहिलाच प्रश्न कामाचा विचारला. "पाणी अन् सावली कोन्या मोहल्ल्यात हाय? अन् बैलं कुठी बांधन हा?"

"नाईक, तो मिस्त्री आहे. त्याच्याकडे बैल नाहीत."

"आज नाईत. माणूस जागेवर टिकला तं बैल येतेच."

ही दूरदृष्टी सर्वांना पटली आणि गनीच्या एडनमधल्या खोलीला दोन बैलांचा गोठा मंजूर झाला. गनी बाहेर बाकावर बसला होता. त्याला आनंदाची बातमी सांगितली, तर त्याने दोन्ही हातांनी डोके धरले. गरिबाला आनंद पेलत नाही.

मग क्रेटर चर्चेला आले. ज्वालामुखी विझलेला आहे हे निजामुद्दीनचे म्हणणे झाले, त्याला आधार काय? विझल्याचा दाखला सोबत जोडलेला नव्हता. आम्ही रीतसर ज्वालामुखीच्या नावाने पंधरा दिवसांची नोटीस काढली आणि मुदतीत खुलासा मागवला. खुलासा आला नाही. पुंडलिकरावांच्या मते तो विझल्याचाच पुरावा होता. माझ्या मते ती कचेरीची अवज्ञा होती. मतभेद झाल्यामुळे क्रेटर बाद झाले. शेख उस्मान तर नावाच्या बाबतीतच अडले. हा शेख उस्मान हयात असल्यास त्याची संमती हवी, नसल्यास वारसांची हवी, आणि वारस किती ते निजामुद्दीनने कळवलेच नव्हते.

उरला मुअल्ला. तो बंदराला लागून, म्हणजे उत्तरेस समुद्र. उत्तरेच्या लगतधारकाची ना-हरकत घ्यायची तर समुद्र कोणाच्या नावे आहे? या प्रश्नावर दोन बैठका झाल्या. शेवटी नियमाप्रमाणे दवंडी द्यायचे ठरले. बाजाराच्या दिवशी हलगी वाजवून जाहीर करण्यात आले की अब्दुल गनी हा एडनच्या मुअल्ला मोहल्ल्यात राहू इच्छितो, कोणाची हरकत असल्यास सात दिवसांत कळवावी.

मला वाटले होते, एकही येणार नाही. सतरा आल्या. आमच्या लोकांना हरकत घ्यायची सवयच अशी आहे की विषय कोणता ते मागाहून विचारतात. त्यातली एक समितीचे सदस्य देवीलाल यांचीच होती. ते सदस्याच्या खुर्चीवरून उठून हरकतदाराच्या जागी उभे राहिले, बोलले, आणि परत खुर्चीवर बसून स्वतःच्या म्हणण्यावर मान डोलावू लागले.

"देवीलालजी, तुम्ही एडनला कधी गेलता का?" गनीने विचारले.

"नाई गेलो. म्हणूनच तं हरकत हाय. उद्या जाचं काम पडलं तं मले वहिवाट पाह्यजे का नाई? तुह्या गोठ्यानं रस्ता बंद झाला म्हंजे?"

"गोठा मी मांगतलाच नव्हता जी."

"मंजूर तं झाला."

याचा निकाल मौका पाहणीशिवाय लागणार नव्हता. एडनला जाण्याची तरतूद नसल्यामुळे एडन घाटंजीत आणावे असे ठरले. बाजाराच्या मैदानावर चुन्याने मुअल्ला आखण्यात आला. गल्ल्या, खोली, गोठा, देवीलालची वहिवाट आणि उत्तरेस नीळ टाकून समुद्र. काम सुरेख झाले होते. आसपासच्या गावांहून माणसे बैलगाड्या जुंपून परदेश पाहायला आली. काहींनी तर समुद्राच्या काठावर बसून शिदोरी सोडली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मिरच्या विकणारी सोनीबाई नेहमीप्रमाणे येऊन समुद्रात बसली. मी तिला नोटीस दिली.

"काहून उठू?" सोनीबाई म्हणाली. "मी बारा वर्सापासून हितं बसून राह्यली. समुद्र परवा आला. उठवाचं तं त्याले उठवा."

तिचा कब्जा जुना होता, साक्षीदार पक्के होते. कायद्यापुढे कोणाचे चालत नाही. समुद्र आठ हात मागे सरकवण्यात आला आणि सुधारित नकाशासह पंचनामा पुन्हा पहिल्यापासून झाला. तोपर्यंत सप्टेंबर लागला होता.

त्यानंतरची बैठक मात्र आयुष्यात विसरणार नाही. विषय होता शेजार. पुंडलिकरावांनी त्या दिवशी जे भाषण केले, ते ऐकून माझ्याच्याने टिपण घेववेना. ते म्हणाले, "आपला माणूस परक्या मुलखात चालला आहे. तिथे कोणी त्याला तू कोण, कुठला, कोणत्या धर्माचा, घरात काय शिजवतोस असे विचारून खोली नाकारली, तर ती माणुसकीला काळिमा आहे." देवीलालने उपरण्याने डोळे पुसले. एडनच्या घरमालकाकडून तसे लेखी हमीपत्र घ्यावे, असा ठराव टाळ्यांच्या गजरात पास झाला.

आता फक्त रकाना बावीस राहिला होता: सध्याची राहती जागा सोडल्याचा दाखला. एका माणसाला दोन चतुःसीमा असू शकत नाहीत, हे कोणालाही समजेल. गनीने मोटार स्टँडमागची भाड्याची खोली सोडली, मालकाने त्याच दुपारी तिच्यात सरकीची पोती भरली आणि मी त्याच संध्याकाळी दाखला फाईलला लावला. इतके जलद काम आमच्या कचेरीत पुन्हा झाले नाही. गनी आणि त्याची बायको जुबैदा सामान घेऊन, तो जिथे काम करी त्या जफरच्या गॅरेजमध्ये, चाके काढलेल्या एका ट्रकच्या हौद्यात राहायला गेली.

आठ दिवसांनी जुबैदा कचेरीत आली. पदर कपाळापर्यंत ओढलेला, पण आवाज स्वच्छ.

"साहेब, तिथलं घर पाह्यता पाह्यता हितलं गेलं. पावसात ताडपत्री गळून राह्यली. कागद कवा होईन?"

"ताई, तुमचं घर तर ठरलं आहे," मी तिला नकाशा दाखवला. "ही तुमची खोली. उत्तरेला समुद्र, वारा भरपूर."

तिने नकाशावरून बोट फिरवले. "चूल कुठी हाय?" तिने विचारले. चूल दाखवायची राहून गेली होती. ती दाखवण्यासाठी नकाशा परत पाठवावा लागला आणि त्यात बारा दिवस गेले.

ऑक्टोबरच्या नऊ तारखेला फाईल सर्व सह्यांनिशी मंजूर झाली. आम्ही पेढे वाटले. त्याच दिवशीच्या टपालाने निजामुद्दीनचे पत्र आले की गनीची जागा दुसऱ्याला दिली. माणसाने घाई केली की असे होते, पण एडनच्या लोकांना कोण सांगणार?

गनीला आता घाटंजीतच खोली हवी होती. तो प्रथम पुंडलिकरावांकडे गेला, कारण त्यांच्या माडीखालच्या दोन खोल्या मागच्या दिवाळीपासून रिकाम्या होत्या. साहेबांनी त्याला प्रेमाने ओसरीच्या पायरीवर बसवले. "अरे, समुद्रकाठी राहणारा माणूस तू. आमच्या गल्लीत तुला करमेल का?" देवीलाल म्हणाले, "मले काही नाई गा. मी असं मानतच नाई. पण शेजारचे लोक कसे असते तुले ठाऊक हाय." धरमसिंगने मात्र सरळ सांगितले, "तांड्यात ये. झोपडी मी बांधून देतो." पण तांडा होता नऊ मैलांवर, वाटेत पावसाळी नाला, आणि गनीचा पाना चालायचा तो घाटंजीच्या मोटार स्टँडवर.

शेवटी नवरा-बायको माझ्याकडे आली. माझ्या घराची मागची खोली रिकामी होती. वेगळे दार, वेगळा नळ, स्टँड दोन मिनिटांवर. मी नाव विचारले. पाच महिने मी ते नाव दररोज लिहीत होतो, तरी विचारले.

"अब्दुल गनी," तो म्हणाला.

"खोली दिली असती हो," मी म्हणालो, "पण माझा मेहुणा येणार आहे राहायला."

"कवा येते?" जुबैदाने विचारले.

ते काही मला लवकर सुचले नाही. ती दोघे गेली.

माझी मला लाज वाटली, हे मी मोकळेपणाने कबूल करतो. मी छोट्या गावातला कारकून, माझी पोच ती किती. तुमची गोष्ट निराळी. इतका वेळ तुम्ही आम्हाला हसत होता, पुंडलिकरावांची तर तुम्हाला किळस आली, तेव्हाच मी ओळखले की माणूस मोठ्या मनाचा आहे. म्हणून मी गनीला तुमचा पत्ता दिला आहे. रविवारी सकाळी दोघे येतील, सामान फार नाही. तुमची मागची खोली रिकामी आहे, हे मला ठाऊक आहे. मेहुणा नेमका कधी येणार, ते तेवढे आधी ठरवून ठेवा. जुबैदा विचारते.