चटणीची थेट लाइन

सरोजिनीला शेंगाच्या चटणीची कृती मुलीला पाठवायची होती आणि ती वाटेत कुणाच्या हाती लागू द्यायची नव्हती. एवढ्याशा कामापायी एकनाथचे चार दिवस, थोरल्या भावाची मॅच आणि घरातली बरीचशी शांतता खर्ची पडली.

चेतना नेदरलँड्समध्ये होती. रविवारी तिच्या सासूबाई पुण्याहून पहिल्यांदाच तिच्याकडे राहायला येणार होत्या. याच बाईंनी लग्नात पानातली चटणी बोटाने बाजूला सारत "सोलापूरची म्हणतात ती हीच का?" असं विचारलं होतं. ती केटररने केलेली होती, हे सांगायची संधी सरोजिनीला मिळाली नाही. तेव्हापासून तीन वर्षं ती या रविवारची वाट बघत होती.

"व्हॉट्सअ‍ॅपवर लिही आणि मोकळी हो," एकनाथ म्हणाला.

"ते कंपनीतनं जातं."

"कुलूपबंद जातं गं. कुणाला वाचता येत नाही."

"कुलूप कुणी केलं? कंपनीनंच ना? मग दुसरी किल्ली तिच्याकडंच असणार की."

"बरं, फोनवर सांग."

सरोजिनीने नुसती मान वर करून छताकडे बघितलं. वरच्या मजल्यावर थोरली जाऊ अंबुअक्का राहत होत्या. त्यांचीही चटणी नावाजलेली. पंचवीस वर्षं दोघी एकमेकींना वाटीभर चटणी देत, "छान झालीय हं" म्हणत आणि त्यापुढे चकार शब्द काढत नसत.

एकनाथ टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला माणूस. कुर्डुवाडीच्या एक्स्चेंजात त्याने बावीस वर्षं लोकांची बोलणी जोडून दिली होती, आणि त्यातली बरीचशी ऐकलीही होती. त्यामुळे बायकोची शंका त्याला अगदीच खुळी वाटली नाही. शोधाशोध करून त्याने एक फुकटचा प्रोग्राम काढला. या कॉम्प्युटरवर टाइप करायचं, थेट त्या कॉम्प्युटरवर उमटायचं. मधे कंपनी नाही, कोणी नाही.

प्रोग्राम बसला, पण जोडणी होईना. दोष राउटरमधल्या फायरवॉलचा निघाला. आतून कुणी हाक मारली तर तिचं उत्तर तो आत येऊ देई, पण बाहेरून आपणहून आलेल्याला दारातूनच वाटेला लावी. चेतनाच्या इमारतीतही असलाच एक पहारेकरी होता आणि तो घरमालकाच्या ताब्यात होता. म्हणजे दार सोलापूरलाच उघडायला हवं होतं. राउटर मात्र वर होता, कारण इंटरनेट दोन्ही घरांत मिळून एकच.

"कशाला पायजे वो राउटर, भावजी?" अंबुअक्कांनी विचारलं.

"काही नाही वहिनी. जरा साफसफाई."

"नवऱ्यानं साफसफाई काढली म्हणजे सरोजिनीनं कायतरी लपवलंय," असं म्हणून वहिनी पुन्हा कॉम्प्युटरवर पत्त्यांचा डाव मांडून बसल्या.

राउटरचा पासवर्ड त्याच्या पाठीवर चिकटवलेला होता. पण खंडेनवमीला शिलाई मशीन, मोटारसायकल आणि मिक्सरबरोबर राउटरचीही यथासांग पूजा झाली होती. पासवर्डाच्या मधल्या चार अक्षरांवर हळदीकुंकू बसून वाळलं होतं. एकनाथने ते ओल्या फडक्याने पुसलं. कुंकू राहिलं, अक्षरं गेली. त्याने केबलचं काम बघणाऱ्या गुंडा नावाच्या पोराला फोन लावला.

"काका, मागं बारीक भोक हाय बघा. टाचणी घालून दाबा की. सगळं नव्यासारखं हुतंय."

दाबलं. सगळं नव्यासारखं झालं, म्हणजे सगळं बंद पडलं. आतून इंटरनेटवर मॅच बघत बसलेल्या थोरल्या कुंडलिकदादांची आरोळी आली. "अरे, शेवटची ओव्हर हाय रे! सहा बॉलात नऊ पायजेत!" ते नऊ झाले की नाही हे त्यांना दुसऱ्या दिवशी पेपरात कळलं, आणि दोन दिवस ते धाकट्या भावाशी बोलले नाहीत.

पासवर्ड नवा झाला. मग एकनाथने राउटरला नीट बजावलं, की बाहेरून या दारावर कुणी आलं तर त्याला तीन नंबरच्या कॉम्प्युटरकडे पाठव. तीन नंबर म्हणजे त्याचा स्वतःचा. गुंडाच्या सल्ल्यावरून घरातल्या घरात चाचणीही घेतली. वहिनी देवळात गेलेल्या पाहून त्याने प्रोग्रामचं अख्खं फोल्डर पेनड्राइव्हने त्यांच्या कॉम्प्युटरवर टाकलं. त्याबरोबर प्रोग्राममध्ये सरोजिनीसाठी घातलेलं 'आई' हे नावही तिकडे गेलं. वरून पाठवलेलं 'हॅलो' खाली उमटलं. एकनाथला एक्स्चेंजात पहिला ट्रंक कॉल जोडला तेव्हा झाला होता तसा आनंद झाला, आणि त्या आनंदात वरचा प्रोग्राम काढायचा राहिला. कॉम्प्युटर चालू झाला की तो आपोआप सुरू होई.

शुक्रवारी दुपारी चारला, म्हणजे चेतनाच्या जेवणाच्या सुट्टीत, बोलायचं ठरलं. तीनला वीज गेली. साडेतीनला आली. चारला सरोजिनी खुर्चीत बसली आणि दारखिडक्या लावून तिने कृती टाइप केली. शेवटचा जिन्नस लिहिताना नवऱ्यालाही तोंड फिरवायला लावलं. बटण दाबलं. पडद्यावर आलं, 'प्रतीक्षा करा.'

दोघांनी वीस मिनिटं प्रतीक्षा केली. मग फोनवर चेतनाचा निरोप आला. "मिळालं गं आई! सगळं लिहून घेतलं. आता बघतेच सासूबाईंना."

"झालं की काम!" एकनाथ म्हणाला. "तो 'प्रतीक्षा करा' उगाच अडकून बसलाय." सरोजिनीने पडद्यावरची कृती पुसली आणि त्याला न मागता आल्याचा चहा दिला. लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती. न मागता चहा फारदा मिळाला नव्हता.

रविवारी संध्याकाळी चेतनाचा फोन आला. "आई, सासूबाईंनी तीनदा मागून घेतली! 'आता कळलं सोलापूर म्हणजे काय,' म्हणाल्या."

सरोजिनीचे डोळे भरून आले. "माझीच कृती ती, होणारच."

"पण तू अशी कशी गं? इतकी वर्षं कारळ घालायचीस आणि मला पत्ता लागू दिला नाहीस! तुझ्या हातची खाल्लेली, त्यापेक्षाही ही भारी झालीय. सासूबाईंना प्रमाण लिहून हवंय. कारळ किती, ते माझ्याकडनं पुसलं गेलं. अर्ध्या तासात परत करते फोन."

सरोजिनीने जन्मात चटणीत कारळ घातलं नव्हतं.

एकनाथ कॉम्प्युटरसमोर जाऊन बसला आणि पाच मिनिटांत त्याच्या ध्यानात आलं. एक्स्चेंजात नंबर घराला चिकटलेला असे. राउटर मात्र पंगतीसारखे नंबर देत होता. आधी आला त्याला आधीचं पान. वीज आल्यावर वहिनींचा कॉम्प्युटर आधी सुरू झाला आणि तीन नंबरवर जाऊन बसला. एकनाथ धावत वर गेला.

"वहिनी, शुक्रवारी तुमच्या पडद्यावर काही आलं होतं?"

"आलं की. पत्त्याच्या डावात चौकोन उघडला. 'आई, आहेस का? चटणी सांग.' मी सांगितली."

"अहो, ती सरोजिनीला विचारत होती!"

"पोर परमुलखात, दारात सासू, आन् आई आई करतीय. मी काय राँग नंबर म्हणून ठेवून देऊ व्हय?"

टेलिफोन खात्यातल्या माणसाने जिन्यातूनच खाली सरोजिनीला सगळा प्रकार सांगितला.

शेवटी सरोजिनीच वर आली. पदर सावरला आणि छापील मजकूर वाचावा तसं एका सुरात म्हणाली, "अक्का, तुमच्या चटणीत कारळ किती घालता?"

अंबुअक्कांनी आधी पडद्यावरचा डाव सावकाश पुरा केला. हा प्रश्न त्यांना पुरवून पुरवून खायचा होता. मग म्हणाल्या, "सांगते की. पन आधी तुझी सांग."

एकनाथला बाहेर काढून दोघींनी स्वयंपाकघराचं दार लावलं. पंधरा मिनिटांनी सरोजिनी उजळलेल्या चेहऱ्याने खाली आली.

"सांगितली त्यांनी?"

"सगळी."

"आणि तू?"

"मीही सांगितली की." तिने इकडेतिकडे पाहिलं. "सुंठ तेवढी सोडून. तुम्हाला म्हणून सांगते, चिमूटभर सुंठ लागते. बोलू नका कुठं."

एकनाथ प्रोग्राम काढून टाकायला वर गेला. अंबुअक्का पडद्यावर पत्त्यांचा नवा डाव मांडत होत्या.

"भावजी, तुमी घरचं मानूस म्हणून सांगते. सरोजिनीला सगळं सांगितलं, गुळाच्या खड्याचं तेवढं न्हाय बोलले. तुमी बी बोलू नगा."

खाली चेतनाचा फोन वाजत होता. सरोजिनी तिला कारळाचं प्रमाण सांगत होती, पुण्याच्या विहीणबाई लिहून घेत होत्या. दोन्ही चटण्यांचं राखून ठेवलेलं गुपित माहीत असलेला एकटा माणूस जिन्याच्या मधल्या पायरीवर उभा होता. त्याला कोणी काही विचारलं नाही.