अंथुर्ण्याच्या मीटरचं मौन

"मीटर मरत न्हाय, दीपक. मीटरचा खून हुतो," असं म्हणत सर्जेरावतात्या दुकानात शिरले. चपला त्यांनी बाहेर उलट्या तोंडाच्या ठेवल्या, म्हणजे गुन्हेगाराला वाटावं, हेर निघून गेला.

"अख्ख्या इंदापूर तालुक्यात मशिनीच्या गुन्ह्यांचा एकच हेर हाय, आन् त्यो तुझ्यासमोर उभा हाय. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर जन्म गेला माझा. उसाच्या मोळीत लपवलेला दगड लांबनंच वळखायचो."

"किती सापडलं, तात्या?"

"एकबी न्हाय. मला भिऊन कुणी घातलाच न्हाय."

दीपकचं मोटर भरायचं, म्हणजे जळलेल्या मोटरीतली तांब्याची तार उसवून नवी गुंडाळायचं, दुकान होतं. मोटरीतली तार अखंड आहे का, हे तो मीटरनं बघायचा. मीटरच्या वायरींची दोन टोकं मोटरीला लावायची. तार धड असेल तर मीटर 'टीं' करतो, हजेरीला पोरं 'हजर' म्हणतात तशी. तुटली असेल तर गप्प. आज, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळपासून तिसरी मोटर आली तरी मीटर गप्पच. तेव्हा कुठं दीपकनं दोन टोकं एकमेकांनाच टेकवून पाहिली. शहाण्यानं हे सगळ्यात आधी करायचं असतं. तरी मीटर गप्प! आता आजारी कोण, मोटर की मीटर?

तिसरी मोटर छबूबाईंची. त्या स्टुलावर ठाण मांडून बसल्या होत्या. "दीपक, माजी उसाची नवी लागण पान्याबिगर सुकाय लागली. मोटर जळली असंल तर जळली म्हन, बरी असंल तर बरी म्हन!"

"मावशी, मीटर बोलल्याबिगर मी काय बोलू?"

तात्यांनी सेल बदलला. मीटर गप्प. "सेल निर्दोष. सोडा त्याला." मग मीटर खोलून आत फुंकर मारली आणि पुन्हा बंद केला. एक स्क्रू उरला.

"ह्यो बघ पुरावा! आरोपी घाईत टाकून पळाला."

"तात्या, त्यो मीटरचाच हाय."

"पुराव्याच्या मधी बोलू नगंस. आता वायरी. आतनं तुटल्या असतील, तपासतो."

"कशानं?"

"मीटरनं."

चोराच्या घराची झडती घ्यायला चोरालाच धाडावं, तसला हा प्रकार. मीटर अर्थातच गप्प राहिला आणि तात्या गरजले, "गुन्हा कबूल!"

"आना हिकडं!" छबूबाईंनी मीटर हिसकावला. वायरी निसटून तात्यांच्या हातात राहिल्या. घरी टीव्हीचा रिमोट चालेना की करतात, तसा त्यांनी मीटर उपडा करून तळहातावर आपटला. वायर खोचायच्या भोकातून एक पिवळा तांदूळ पडला.

"अगं बया, ही तर अक्षता!"

दीपकनं कपाळावर हात मारला. खंडेनवमीला त्यानं वायरी काढून, मीटर पाटावर मांडून पूजा केली होती आणि भक्तीच्या भरात मूठभर अक्षता टाकल्या होत्या. दाणा भोकात, आणि वायरीची पिन दाण्यावर अडलेली.

त्यानं वायरी नीट खोचल्या. 'टीं!' छबूबाईंच्या मोटरीला लावल्या. 'टीं!'

"तार धड हाय, मावशी! म्हंजी मोटर सुरू करनारा कपॅशिटरच गेलाय, आत्ता नवा बसवतो. सांजच्या आत पानी चालू."

तात्यांनी मिशीवरून हात फिरवला. "लागला का न्हाय छडा? बरं, माजी मोटर सकाळी टेंपोनं धाडलीया. बघितलीस?"

"व्हय तात्या. पयलीच बघितली."

"मग?"

दीपकनं पायानंच कोपऱ्यातल्या, सकाळीच उसवलेल्या तांब्याच्या तारेच्या ढिगावर पोतं सरकवलं.

"तात्या, च्या घेताय न्हवं?"