पथक बंद म्हनाचं नाई

दिगांबर मास्तरांच्या सोबत रस्त्याने चालणं हा अकोल्यातला एक अवघड प्रकार आहे. चार पावलं झाली की ते खाली बघतात. आपला पाय त्यांच्या पायाशी जुळत नसला की थांबतात, तोंडातल्या तोंडात "डावा" म्हणतात आणि आपण पाय बदलेपर्यंत जागचे हलत नाहीत. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवो नाहीतर म्हैस येवो. जठारपेठेतल्या भाजीवालीपासून वकिलापर्यंत सगळ्यांना आता त्याची सवय झाली आहे. मास्तर समोरून आले की माणसं आपोआप डावा पाय पुढे टाकतात.

आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या काकांना मास्तरांनी खांदा दिला होता. पुढे एका बाजूला मास्तर, दुसऱ्या बाजूला मी. मागे बायाबापड्या रडताहेत आणि माझ्या कानाशी हळूच आवाज, "डावा... डावा... अबे मनोहरभौ, डावा! मुर्दा हालून राह्यला." खोटं सांगत नाही, काका त्या दिवशी इतके न डुचमळता मोक्षधामापर्यंत गेले की तेराव्याला त्यांच्या जावयाने मास्तरांचे मुद्दाम आभार मानले.

मास्तर कुठल्याही शाळेत मास्तर नव्हते. सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये झाली. गाव तेल्हाऱ्याकडचं. तरुणपणी होमगार्डमध्ये ड्रम शिकले आणि तो जो अंगात शिरला तो निघालाच नाही. नोकरीत असतानाच त्यांनी पोरांचं बँड पथक उभं केलं, प्रभात बँड पथक. हमालांची पोरं, धुणीभांडी करणाऱ्या बायांच्या पोरी, एका डॉक्टरचा मुलगा, असे मिळून बत्तीस जण. ड्रम, बिगुल, बासऱ्या, झांजा. पांढरी पँट, लाल पट्टा. रोज संध्याकाळी साडेपाचला एका शाळेच्या मैदानावर सराव. सरावाला फी नव्हती, पण नखं वाढलेली चालत नसत. डॉक्टरच्या मुलाला त्यांनी नखांसाठी घरी पाठवलं, तेव्हा डॉक्टर स्वतः भांडायला आले. मास्तरांनी आधी डॉक्टरांची नखं पाहिली. डॉक्टर हात खिशात घालून परत गेले.

एका सव्वीस जानेवारीला पाहुणे साहेब यायला उशीर झाला. हेडमास्तर हात जोडून म्हणाले, "मास्तर, जरा थांबा, साहेब रस्त्यात आहेत."

"झेंड्याले टाइम असते, सायबाले नसते," मास्तर म्हणाले आणि ओरडले, "पथक, तेज चल!"

साहेब गाडीतून उतरले तेव्हा पथक मैदानाला दुसरी चक्कर मारत होतं. साहेब भला माणूस होता. धावत जाऊन जागेवर उभा राहिला आणि सलामी दिली. मास्तरांनी जाता जाता त्याचेही पाय बघून घेतले.

या सगळ्याचा खर्च सरकीच्या धंद्यातले एक म्हातारे शेटजी चालवायचे. मैदानाचं भाडं, ड्रमची फाटलेली कातडी, पोरांचे बूट. शेटजींना संगीतातलं काही कळत नव्हतं. पंधरा ऑगस्टला दुकानासमोर खुर्ची टाकून बसायचे आणि पथक गेलं की डोळे पुसायचे, एवढंच. शेटजी वारले. तोवर लग्नाच्या वराती आणि गणपतीच्या मिरवणुका डीजेवाल्यांनी नेल्याच होत्या. त्यातून चार पैसे यायचे, तेही गेले.

शेटजींच्या मुलाने तेव्हा मोटारसायकलींची शोरूम काढली होती. त्याने मास्तरांना बोलावून घेतलं. म्हणाला, उद्घाटनाला पथक आणा, वर्षभराचा खर्च माझ्याकडे. फक्त पोरांच्या पाठीवर शोरूमचं नाव पाहिजे, टी-शर्ट मी देतो.

"पोट्टे हायत भौ, पाट्या नाई," मास्तर म्हणाले. पण शेटजींचा मुलगा म्हणून वाजवायला तयार झाले. टी-शर्ट बाद, वाजवणं कबूल.

उद्घाटनाला मीही होतो. माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे, निमंत्रणपत्रिका माझ्याकडेच झाल्या होत्या. एप्रिलचं ऊन. अकोल्याचं एप्रिलचं ऊन ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून उपयोग नाही. पोरं अकरा वाजल्यापासून जनरेटरच्या बाजूला उभी. आत पाहुणा आला की नोकर धावत यायचा, "वाजवा!" पाहुण्याला फोन आला की परत धावत यायचा, "बंद करा!" वाजवा, बंद करा, वाजवा, बंद करा. दोन वाजले. आत काचेमागे जेवणं सुरू झाली. बाहेर पोरांना कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही. एक झांजवाली पोरगी मटकन खाली बसली.

मास्तरांनी तिला उठवलं, तोंडावर पाणी मारलं. मग टोपी सरळ केली.

"पथक, सावधान! दाहिने मूड! तेज चल!"

आणि ड्रम वाजवत अख्खं पथक काचेच्या दारातून आत शिरलं. नव्या मोटारसायकलींमधून, पाहुण्यांमधून, थेट जेवणाच्या टेबलांपर्यंत. "पथक, थम! वाद्य खाली! ताट उचल!" पोरांनी एका ठेक्यात ताटं उचलली. श्रीखंड, पुरी, मसालेभात, सगळं रांगेने. कोणी हसलं नाही, कोणी सांडलं नाही. शेटजींचा मुलगा लालबुंद होऊन आला.

"मास्तर, हे काय चाललंय? हे पाहुण्यांचं जेवण आहे!"

"तुह्या बापानं बलावलं असतं तं पयली पंगत याइचीच बसली असती," मास्तर म्हणाले. "अन् पैशे ठेव तुह्यापाशी. जेवनात फिटले."

जेवण झालं, हात धुतले, "पीछे मूड" झालं आणि पथक वाजत गाजत बाहेर पडलं. अर्ध्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. वर्षभराची सोय मात्र तिथेच संपली.

पुढच्या दोन महिन्यांत शाळेने मैदान बंद केलं. चार ड्रमांची कातडी गेली. मास्तरांनी पेन्शनीतून दोन बसवली आणि मग एका सकाळी माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसले.

"लिव," म्हणाले. "सूचना."

मी टाइप केलं, 'आर्थिक अडचणींमुळे प्रभात बँड पथक बंद करण्यात येत आहे.'

"बंद म्हनाचं नाई."

मी 'स्थगित' केलं.

"स्थगित म्हंजे का? बंदलेच धोतर नेसोलं तुनं."

मग 'तात्पुरता विराम' झालं, 'खंड' झालं, 'विश्रांती' झालं. "विश्रांती कायची? पोट्टे का म्हातारे झाले?" एव्हाना चार गिऱ्हाइकं झेरॉक्स न काढताच परत गेली होती. मी वैतागलो.

"मास्तर, मग काय लिहू? मैदान नाही, पैसा नाही, ड्रम फाटले. हे बंदच आहे ना?"

मास्तरांनी स्टूल पुढे ओढलं. मग त्यांनी शब्द शब्द थांबत सांगितलं आणि मी लिहीत गेलो. तो कागद अजून माझ्या दुकानाच्या भिंतीवर आहे:

'प्रभात बँड पथक काही दिवस रस्त्यावर दिसणार नाही. सर्व वाद्ये पथकातील मुलामुलींच्या घरी राहतील व तेथे वाजवली जातील. ज्या शेजाऱ्यांना त्रास होईल त्यांनी तो सहन करावा.'

"वाद्यं घरी देणार?" मी विचारलं. अमरावतीच्या एका लग्नाच्या बँडवाल्याने सगळा संच विकत मागितला होता, हे मला माहीत होतं. भाव बरा होता.

"थो मले म्हने, मास्तर, हे मोठे ड्रम कामाचे, बिगुल भंगारात काढू. भंगारात?" मास्तर उठले. "चालला जाय म्हनलं लेका."

त्याच आठवड्यात रविवारी संध्याकाळी पथक शेवटचं निघालं. पूर्ण पोशाखात, बूट चमकवून. मी दुकान बंद करून मागे चाललो होतो, अर्थात डाव्या पायाने. मला वाटलं, मोठ्या चौकातून जातील. पण मास्तरांनी पथक गल्ल्यांत घातलं. पहिल्या पोराचं घर आलं. "थम!" पोराने सलामी दिली, मास्तरांनी दिली, पोरगा ड्रम घेऊन घरात गेला. आई दारात पदर तोंडाला लावून उभी. "तेज चल!" पुढच्या गल्लीत दोन बासऱ्या गेल्या. मग झांज. मग मोठा ड्रम. तो दारातून आडवा जाईना, बापाने आणि मास्तरांनी उभा करून आत नेला. दर घराला आवाज थोडा कमी होत होता. लोक ओट्यांवर येऊन उभे होते. कुणी टाळ्या वाजवत नव्हतं.

कोणीतरी म्हणालं, "संपलं बिचाऱ्यांचं."

मास्तर चालता चालता वळून म्हणाले, "कायचं संपलं? आता बत्तीस ठिकानी वाजन!"

शेवटी एक ड्रम आणि एक बिगुल राहिलं. ड्रमवाला त्याच्या वळणावर गेला. बिगुलवाली सना, पंक्चर काढणाऱ्या रफिकची मुलगी, एकटी वाजवत मास्तरांच्या पुढे चालत होती. बारा वर्षांची, ओठ सुजलेले. तिच्या घरासमोर तिने सलामी दिली आणि विचारलं, "मास्तर, परत कब बुलाएंगे?"

"नखं वाढू नको देऊ," मास्तर म्हणाले.

दोन आठवड्यांनी मास्तरांचा मुलगा प्रशांत पुण्याहून गाडी घेऊन आला. चांगला मुलगा आहे. आई गेल्यापासून बापाला बोलावतो आहे, आणि मास्तर दर वेळी पथकाचं कारण सांगत आले. "आता तर पथकही नाही काका," तो मला म्हणाला. "तुम्ही समजवा ना. घराला कुलूप आहे, फोन उचलत नाहीत."

मी शोधायला निघालो. सना राहते त्या गल्लीत मास्तर सापडले. तिच्या घराच्या भिंतीला पाठ लावून, पाण्याच्या ड्रमाच्या आडोशाला उभे होते. आत बिगुल चालू होतं. वरचा सूर लागत नव्हता. दर वेळी तिथे येऊन फाटत होता.

"मास्तर, सूर फाटतोय," मी म्हटलं. एरवी अशा सुराला त्यांनी अर्धं मैदान डोक्यावर घेतलं असतं.

"फाटू दे. फाटते म्हंजे फुकून राह्यली." त्यांनी माझा दंड धरून मला आडोशाला ओढलं. "काल झांजवालीकडं होतो. परवा मोठ्या ड्रमवाल्याकडं. त्यानं वरतून गोधडी टाकली, शेजारी बोंबलते म्हनून. पन वाजोते."

"रोज एकेकाकडे?"

"बत्तीस घरं हायत. महिना पुरत नाई."

"मग आत जा की. उन्हात कशाला उभे?"

"मी आत गेलो तं पोट्टी थांबन, उभी राहीन, सलामी देईन. वाजोनं राहून जाईन." त्यांनी रुमालाने मान पुसली. "घरी जाऊन का करू मनोहरभौ? तिथं कुकरची शिट्टीबी मलेच ऐका लागते."

मी सांगितलं, प्रशांत आलाय, गाडी घेऊन, तुम्हाला न्यायला.

मास्तरांनी ऐकलं. आत तोच सूर पुन्हा वर गेला, क्षणभर टिकला आणि फाटला. मास्तरांनी डोळे मिटले होते.

"त्याले चहा पाज," ते हळू आवाजात म्हणाले. "मी येतो म्हन. अजून वाजोऊन राह्यली थे."