शुद्ध पात्र

निवृत्तीला नऊ दिवस उरले असताना नरहर देशकरांनी अकरा वर्षांच्या तपश्चर्येचा निकाल एका चिठ्ठीवर सोपवला, आणि ती लिहिताना ते भाषेशी प्रामाणिक राहिले. घात तिथेच झाला.

तपश्चर्या म्हणजे जेवणाच्या डब्याएवढे एक यंत्र. पाण्याचा थेंब आतल्या रंगद्रव्याच्या पट्टीवर सोडून प्रकाश पाडायचा. पाण्यात शिसे असले तर दिवा लाल, नसले तर हिरवा. पवनारच्या पुढच्या एका गावात पाणीखात्याचे रुपेश वानखडे चाचणी पाहायला येणार होते. त्यांचा शेरा अनुकूल पडला तर यंत्र गावोगाव जाणार, नाही तर सरांसोबत निवृत्त होणार.

पंचायतीचा शिपाई कवडू याच्यासाठी सरांनी लिहिले: ‘गाळ बसण्यासाठी पंपाचे पाणी रात्रभर शुद्ध पात्रात स्थिर ठेवावे व प्रातःकाळी सोबतच्या बाटलीत भरावे.’

“सर, ‘काचेच्या बरणीत’ असं सरळ लिहा ना,” महाविद्यालयातली सहकारी नंदिनी म्हणाली.

“बरणी लोणच्याची असते, नंदिनी. विज्ञानाचे ते पात्र!”

चाचणीच्या सकाळी हातपंपापाशी गाव जमले. कवडूने बाटली दिली, सरांनी थेंब सोडला. दिवा लाल झाला. दुसरा थेंब, लाल. तिसरा, लालच.

“म्हनजे आमी जहर पिऊन राह्यलो काय?” गर्दीतून कुणीतरी ओरडले.

रुपेश वानखडे कामाचा माणूस. त्यांनी जीपमधून लाल रंगाचा डबा काढला, पंप रंगवला आणि दांड्याला साखळी घातली. गावाला आता पाण्यासाठी दीड किलोमीटरवरची नदी उरली.

सरांना मात्र शंका आली.

“कवडूभाऊ, पाणी ठेवलं कशात होतं?”

“शुद्ध पात्रात, सर. तुमी लिहेलच होतं.”

कवडूची बायको कमला पंपाशेजारच्या घरातून पाणी भरायची पितळेची गुंडी घेऊन आली. चकचकीत. “पाच दिस झाले कल्हई करून,” ती अभिमानाने म्हणाली.

सरांनी गुंडीच्या आत वाकून पाहिले. स्वस्त कल्हईत कथिलासोबत शिसेही मिसळतात, हे त्यांच्याइतके त्या गावात कुणाला ठाऊक असणार?

“काचेचं भांडं नव्हतं घरात?”

“होतं ना. लोनच्याची बरनी. तिले शुद्ध पात्र कोन म्हनन?” कमला फणकारली. “शुद्ध-अशुद्ध आमी छप्पनले दीक्षा घेतली तवाच सोडलं, सर. तुमीच लिहून पाठवलं, मंग काऊन इचारता?”

सरांनी बाटली कवडूच्या हाती दिली, “धुऊन थेट पंपाचं पाणी भरा.”

साखळीने दांडा अर्धाच हलत होता. कवडूने त्या अर्ध्या हेलकाव्यावरच खूप वेळ झगडून बाटली धुऊन भरून दिली. थेंब सोडला. हिरवा! गुंडीतला थेंब लाल, पंपाचा हिरवा. सर धावतच जीपपाशी गेले.

“यंत्र अचूक आहे, वानखडे! दोष कल्हईचा आहे!”

“सर, मघा लाल, आता हिरवं. हे यंत्र हाये का चौकातला सिग्नल?”

“मग पंपाचा रंग तरी खरवडा! यंत्र खोटं, तर रंगही खोटाच.”

“यंत्राचं यंत्रापाशी. रंग सरकारी हाये. लॅबचा रिपोर्ट येईस्तोवर निघत नाई.”

त्यांनी कागदावर शेरा लिहिला: ‘निष्कर्ष अविश्वसनिय.’ ‘नी’ ऱ्हस्व पडली होती. सरांनी ती पाहिली आणि जन्मात पहिल्यांदा कुणाची चूक दुरुस्त केली नाही.

जीप गेली, गर्दी पांगली. रिकामे हंडे घेऊन बाया नदीच्या वाटेला लागल्या. जाताना सरांकडे वळून बघत होत्या. सर पंपाच्या ओट्यावर मांडीवर यंत्र घेऊन बसले. त्याचा हिरवा दिवा अजून चालू होता. तो त्यांनी विझवला.

कमलाने गुंडीतले पाणी बाभळीच्या बुडाशी ओतले. गुंडी पालथी घातली, तिच्यावर दगड ठेवला. मग पंपाच्या पाण्याने भरलेली चाचणीची बाटली उचलून सरांपुढे धरली.

“त्या साहेबाचा नसन, माहा भरोसा हाये तुमच्या डब्यावर,” ती म्हणाली. “घ्या सर, घोटभर प्या. अशुद्ध हाये.”